तेल लावूनही दर पावसाळ्यात जुन्या चाकूंना गंज चढतो, तेव्हा

मे महिन्यात चाकू पुसायचे, तेल लावायचं, कपाटात ठेवायचे. जुलैत बाहेर काढावेत तर पात्यावर मोहरीएवढे नारिंगी ठिपके. पुन्हा घासायचं, पुन्हा तेल. सप्टेंबरात तेच ठिपके, त्याच जागी. जुने घडीचे चाकू जमवणारा मुंबईतला कुणीही भेटला की पाचव्या मिनिटाला हा विषय निघतो. मी माहीमला समुद्रापासून पाच मिनिटांवर राहते, त्यामुळे माझ्याकडे हा त्रास सलग तीन पावसाळे चालला. चौथ्या पावसाळ्यात थांबला. कुठे चुकत होतं आणि काय केल्यावर थांबलं, ते सगळं लिहून ठेवते आहे.

माझ्या संग्रहातला पहिला चाकू आजोबांचा. ते गोदीत कामाला होते. चाकू इंग्लंडमधल्या शेफील्डचा, शिंगाच्या मुठीचा. एका अंगाला सरळ धारेचं रुंद पातं, दुसऱ्या अंगाला दोराच्या गाठी सैल करायचा टोकदार लोखंडी दाभण. उघडताना टक, मिटताना टक, असा स्वच्छ आवाज. आजोबा गेल्यावर तो त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला वीसेक वर्षं पडून होता. पातं काळपट करडं, पण लाल गंज नावालाही नाही. माझ्या हाती आला तेव्हा मी दोन रविवार खर्चून तो आरशासारखा चकचकीत केला, आणि त्याच पावसाळ्यात तो गंजला.

तिथेच पहिली चूक होती, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

करडा थर आणि लाल गंज

जुन्या चाकूंची पाती बहुतेक साध्या कार्बन पोलादाची असतात. न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली तयार केलं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, अखंड थर पोलादाला झाकून ठेवतो. चाकूंत ते सर्रास यायला त्यानंतरही बराच काळ गेला. तुमच्या जुन्या चाकूवर ‘स्टेनलेस’, ‘इनॉक्स’ किंवा जर्मन ‘रोस्टफ्राय’ असा ठसा नसेल तर तो कार्बन पोलादाचाच समजा.

अशा पात्यावर वर्षानुवर्षं कांदा, कैरी, सफरचंद कापून आणि हाताळून एक करडा-निळसर थर चढतो. तो घट्ट असतो, पोलादाला चिकटून बसतो आणि खालच्या धातूला बऱ्यापैकी सांभाळतो. लाल गंज वेगळा. तो सच्छिद्र असतो, लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खाली पुन्हा कोरं लोखंड उघडं पडतं. म्हणजे तो स्वतःच स्वतःला वाट करून देतो.

ओळखायची सोपी रीत: पांढऱ्या सुती कापडाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून पात्यावर फिरवा. कापडाला विटकरी रंग लागला तर गंज जिवंत आहे. कापड जवळपास पांढरंच राहिलं आणि पात्यावरचा डाग हलला नाही तर तो जुना थर आहे, त्याला हात लावू नका. मी आजोबांच्या चाकूवरचा तोच थर पॉलिश पेपरने काढून टाकला होता. शिवाय पात्याच्या बुडाशी असलेला कंपनीचा ठसाही त्यात अर्धा पुसला गेला. तो ठसा म्हणजे चाकूचं जन्मप्रमाण. जोसेफ रॉजर्स कंपनीच्या चाकूवर तारा आणि माल्टाचा क्रॉस असतो, ती खूण 1682 पासूनची आहे. असा ठसा एकदा घासला गेला की कोणत्याही किमतीला परत येत नाही. त्यामुळे आधीच सांगते, गंज काढणं आणि चाकू चमकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं करू नका.

गंज कुठे आहे ते आधी बघा

दुसऱ्या वर्षी मी थर वगैरे सांभाळला, भरपूर तेल लावलं, आणि तरी ठिपके आलेच. त्या वेळी मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती. वहीत प्रत्येक चाकूचं ढोबळ चित्र काढलं आणि गंज नेमका कुठे आहे तिथे लाल पेन्सिलीने खुणा केल्या. बारा चाकूंची बारा चित्रं समोर ठेवल्यावर सरळ दिसलं की हा एकच रोग नाही.

पात्याच्या मधोमध लांबट गोल डाग, जवळून पाहिला तर त्यात बारीक रेषा. तो अंगठ्याचा ठसा. पाहुण्यांना चाकू दाखवला, त्यांनी कौतुकाने पातं धरलं, आपण तसाच मिटून ठेवला. घामातलं मीठ तिथेच राहिलं.

एकाच बाजूला पसरट गंज, दुसरी बाजू स्वच्छ. म्हणजे चाकू त्या बाजूवर निजलेला होता आणि खाली असलेल्या वस्तूने ओल धरली. बहुतेक वेळा ती चामड्याची म्यान किंवा पुठ्ठ्याचं खोकं असतं. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहतात, वर ते हवेतली ओल स्पंजासारखं शोषतं. चाकू म्यानात शोभतो हे खरं, पण मुंबईत म्यान वेगळी आणि चाकू वेगळा ठेवावा लागतो.

सगळ्या पात्यावर सारखी, पावडर शिंपडल्यासारखी पिंगट छटा. हवा दमट, बस. डबा बंद नाही किंवा सिलिका जेल संपलं आहे.

आणि सर्वांत जास्त चाकूंमध्ये दिसलेली खूण: नखाने पातं उघडायच्या खाचेत, ठशाच्या कोरलेल्या अक्षरांत आणि पातं मुठीत शिरतं त्या सांध्याशी गंज. दर वर्षी तिथेच. घासून काढला तरी तिथेच.

मीठ आतच राहिलेलं असतं

आमच्या भागात एक घड्याळजी काका आहेत. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांची कामं करतात. त्यांना आजोबांचा चाकू दाखवला. त्यांनी डोळ्याला भिंग लावून सांध्याकडे पाहिलं आणि विचारलं, “धुतला होतात का?”

मी म्हटलं, “छे, पाणी कसं लावणार? गंजेल ना!”

“ताई, मीठ तेलात विरघळत नाही. पाण्यात विरघळतं. तुम्ही मिठावर तेल चोपडताय.”

हे वाक्य ऐकल्यावर मला दोन पावसाळ्यांचा हिशेब लागला. शाळेत सगळ्यांनी शिकलेली गोष्ट आहे, पण चाकू हातात असताना सुचत नाही.

गंज चढायला ओल लागते, पण मिठाला ती हवेतून ओढून घेता येते. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून स्वतःच विरघळायला लागतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ते याचमुळे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. मुंबईत जुलैत आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते, जून ते सप्टेंबर 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वाऱ्याबरोबर खारा तुषार घरात येतो. म्हणजे गंजाच्या खड्ड्यात मिठाचा कण बसलेला असेल तर तो चार महिने स्वतःभोवती पाण्याचा थेंब धरून ठेवतो. वरून तेल लावलं की तो थेंब बाहेर सुकायचीही शक्यता कमी होते. मिठातलं क्लोराइड गंज चढवताना खर्चही होत नाही, एकदा काम झालं की पुन्हा तेच काम करायला मोकळं असतं. म्हणून ठिपका त्याच जागी परत येतो. दर वर्षी नवा गंज येत होता असं मी समजत होते. तो मुळात गेलेलाच नव्हता.

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर मिळणाऱ्या चाकूंच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे. विकायला ठेवलेल्या चाकूला बऱ्याचदा पॉलिश पेपर मारून वर जळकं इंजिन ऑइल फासलेलं असतं. पातं दिसायला गुळगुळीत, सांधा काळा आणि सैल. त्या काळ्या चिकट्याखाली आधीच्या मालकाचा घाम, जुना गंज आणि समुद्राची हवा सगळं जपून ठेवलेलं असतं. बाजारातून आणलेला चाकू मी आता धुतल्याशिवाय इतरांच्या डब्यात ठेवतच नाही.

धुवायचा कसा

हे काम पावसाळ्यात करू नका. एप्रिल-मे उत्तम, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात. आधी धारेवर कापडी चिकटपट्टी लावा. जुन्या चाकूची पाठीची कमान (स्प्रिंग) अजून कडक असते आणि साबणाच्या हाताने पातं निसटून मिटलं की बोट जातं. माझं एकदा गेलं होतं, दोन टाके पडले.

पातं अर्धवट उघडून सांध्यात मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दहा-बारा वेळा सावकाश उघड-मीट करा. विटकरी लगदा बाहेर येईल. तो सुती कापडाने टिपा, बांबूचं दातकोरणं खाचेत आणि ठशाच्या अक्षरांत फिरवा. लोखंडी सुई वापरू नका, ओरखडे जातात आणि त्या ओरखड्यांतच पुढचा गंज बसतो. पात्यावर गंज घट्ट असेल तर चार शून्यवाल्या सर्वांत बारीक स्टील वूलला तेल लावून फक्त त्या ठिपक्यावर हलक्या हाताने फिरवा. भांडी घासायची तारेची घासणी वेगळी, ती इथे चालत नाही.

मग धुणं. कोमट पाणी, त्यात अंगाच्या साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. सांध्यात पाणी जाऊ द्या, उघड-मीट करत राहा, दोन-तीनदा पाणी बदला. शेवटचं पाणी नळाचं नको, डिस्टिल्ड घ्या. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. हाडाची, शिंगाची किंवा लाकडाची मूठ असेल तर चाकू पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. पातं खाली करून सांध्यावरून पाणी सोडायचं आणि दोन-तीन मिनिटांत काम आटोपायचं.

पूर्ण धातूचा चाकू असेल तर याहून चांगला उपाय आहे. माझ्याकडे एक जपानी हिगोनोकामी आहे, मिकी गावच्या बनावटीचा, पत्रा दुमडून केलेल्या मुठीचा. त्याच्या पात्याच्या खड्ड्यांतला गंज काही केल्या जात नव्हता. तो डिस्टिल्ड पाण्यात वीस मिनिटं उकळला. पाणी पिवळसर झालं, ते फेकून नव्या पाण्यात पुन्हा उकळला. बाहेर काढला तेव्हा जे लाल होतं ते काळं झालेलं होतं. उकळत्या पाण्यात लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं, जुने बंदूक कारागीर नळीला काळा रंग आणायला हीच युक्ती वापरतात. खड्ड्यातलं मीठही पाण्यात उतरतं. शंभर अंशाला पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरत नाही, त्याची भीती नको. पण हाड, शिंग, लाकूड, सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक) किंवा डिंकाने चिकटवलेली मूठ असेल तर हा उपाय अजिबात करू नका.

पाणी उतरण्यावरून आठवलं. गंज काढून द्या म्हणून चाकू रस्त्यावरच्या धारवाल्याकडे देऊ नका. त्याचं चाक कोरडं आणि वेगाने फिरतं. घरच्या विळीला ते चालतं, पण पातळ जुन्या पात्याची धार तिथे क्षणात तापून निळी पडते. निळा रंग म्हणजे तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं, त्या जागी पोलाद मऊ झालं. मग धार टिकत नाही.

लिंबू, चिंच, कोकम, पितळ घासायची पावडर, व्हिनेगर यांच्या मोहातही पडू नका. आम्लाने गंज झटकन निघतो हे खरं, पण त्याबरोबर चांगलं पोलादही खाल्लं जातं, करडा थर जातो आणि पातं राखेसारखं मळकट दिसतं. सांध्यात शिरलेलं आम्ल धुऊन काढणं तर जवळजवळ अशक्य.

सुकवणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. कापडाने टिपल्यावर सांध्यात केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा. ते पाण्यात मिसळतं आणि त्याला घेऊन उडून जातं. मात्र सेल्युलॉइडच्या मुठीवर किंवा लाखेच्या कामावर ते पडू देऊ नका. त्यानंतर हेअर ड्रायरची कोमट हवा दहा मिनिटं. मूठ हाडाची असेल तर ड्रायर लांबून धरा, हाड तडकतं. तासभर पंख्याखाली ठेवून मग तेल.

कोणतं तेल

खोबरेल नको. आपल्याकडे हाताशी तेच असतं, आजी-आजोबा अडकित्त्याला आणि विळीला तेच लावत, म्हणून सगळे तेच लावतात. पण अडकित्ता रोज वापरात असतो, रोज पुसला जातो. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या चाकूवर वनस्पती तेल खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं आणि सांध्यात त्याचा चिकटा बसतो. पहिल्या वर्षी मी खोबरेल लावलं होतं. ऑगस्टमध्ये दोन चाकू उघडतच नव्हते आणि डब्याला जुन्या फरसाणाचा वास येत होता.

शिलाई मशीनचं तेल स्वस्त, पातळ आणि खनिज असतं, खवट होत नाही. सांध्यासाठी तेच. चाकूने फळ कापणार असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. पात्यावर मात्र मी तेल लावायचं सोडलं, कारण उभ्या पृष्ठभागावरून ते हळूहळू ओघळतं आणि कागदाला, कापडाला लागून जातं. पात्यावर मेण लावते. मायक्रोक्रिस्टलाइन मेण सर्वांत चांगलं. ब्रिटिश म्युझियममध्ये 1950 च्या दशकात वस्तू जपण्यासाठी त्याचं जे मिश्रण तयार झालं, ते आज रेनेसान्स वॅक्स नावाने विकलं जातं. महाग आहे, पण एक छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते. ते नसेल तर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. मेण लावताना सुती हातमोजे घाला, नाहीतर मेणाखाली स्वतःच्याच बोटाचा घाम बंद होतो.

पाणी हटवणारे स्प्रे सुकवायला उपयोगी आहेत, साठवणीला नाहीत. त्यांचा बराचसा भाग उडून जातो.

डबा, सिलिका आणि एक नवा घोटाळा

तिसऱ्या वर्षी सगळे चाकू धुऊन, मेण लावून, स्वयंपाकघरात वापरतो तशा रबरी कडेच्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवले. पाच लिटरचा डबा, आत 200 ग्रॅम सिलिका जेल. सिलिका नारिंगीवरून हिरवं होणारं घ्या. निळ्यावरून गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात लहान मुलं असतील तर ते नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या पुड्यांवर विसंबू नका, त्या बहुतेक आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात.

डब्यात छोटा आर्द्रतामापकही ठेवला. तो बरोबर दाखवतो का हे तपासायला घरचं मीठच उपयोगी पडतं: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून घट्ट लगदा करा, मापकाबरोबर हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आकडा 75 आला पाहिजे. माझा मापक 69 दाखवत होता, म्हणजे मी सहा टक्के कमी वाचत होते. डब्यात 45 ते 50 टक्के ठेवा. लोखंडाला त्याहून कोरडं आवडतं, पण हाड, शिंग आणि लाकूड फार कोरड्यात आकसतात आणि रिव्हेटपाशी, म्हणजे मूठ जोडणाऱ्या खिळ्यांपाशी, चिरतात.

आर्द्रता नीट 48 टक्के. तरी ऑगस्टमध्ये एका डब्यातल्या पाच चाकूंपैकी तिघांवर गंज. दुसऱ्या डब्यातले सगळे स्वच्छ.

मी पुन्हा वही काढली. या वेळी चित्रं वेगळी होती. गंज पात्याच्या पाठीकडे अजिबात नव्हता, तो धारेकडच्या भागात होता, म्हणजे पातं मिटल्यावर मुठीच्या आत राहतं तिथे. एका चाकूचा गंज सर्वांत दाट होता आणि बाकी दोघांचा त्याच्या बाजूला असलेल्या अंगावर. तो चाकू कासवाच्या पाठीसारख्या पिवळ्या-तपकिरी मुठीचा, मध दिसतो तशी आरपार चमक असलेला. माझा आवडता. मूठ नाकाशी धरली. कापराचा वास यायला हवा होता. त्याऐवजी घशाला लागणारा आंबट-तिखट वास आला. भिंगातून पाहिलं तर मुठीच्या आत काचेला जातात तशा बारीक तडा, आणि पितळी रिव्हेटभोवती हिरवी कडी.

ती मूठ सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कासवाची पाठ, शिंपला, हस्तिदंत यांच्या नकला त्यातच करत. चांगल्या स्थितीतलं सेल्युलॉइड अंगठ्याने जोरात घासून गरम केलं तर देवघरातल्या कापरासारखा वास येतो, ओळखायची ही उत्तम खूण. पण ते वय झाल्यावर विघटित होतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर टाकतं. ओलीशी त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. ते मुठीच्या आतलं पातं खातं, पितळ हिरवं करतं आणि शेजारच्या चाकूंनाही लागतं. हवाबंद डब्यात हे आम्ल कोंडून राहतं, आणि त्याने विघटन आणखी वेग घेतं. म्हणजे ज्या डब्याने बाकीच्यांना वाचवलं, त्याच डब्याने या तिघांचा घात केला.

यावर इलाज नाही, फक्त वेगळं ठेवणं आहे. सेल्युलॉइडच्या मुठीचे सगळे चाकू, आज ठणठणीत दिसणारेसुद्धा, बाकीच्या संग्रहापासून दूर ठेवा. माझे आता जाळीच्या झाकणाच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये, एकमेकांपासून चार बोटं अंतरावर, बेडरूमच्या कपाटाच्या वरच्या उघड्या फळीवर असतात. ऊन नको, उष्णता नको, देवघर आणि गॅसपासून लांब, कारण सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं. तडे गेलेली, घाम फुटल्यासारखी ओलसर झालेली मूठ असेल तर तिचे नीट फोटो काढून ठेवा, कारण ती फार वर्षं राहणार नाही. त्या चाकूच्या पात्यावर मेण दर महिन्याला लावायचं, बाकीच्यांना वर्षातून दोनदा पुरतं.

डबा लाकडी हवा असं वाटत असेल तर जुनं सागवान बरं. नव्या प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या ड्रॉवरमधून आम्लाची वाफ निघत राहते, त्यात चाकू ठेवू नका.

लाकडी मूठ फुगून पातं अडकलं तर

हा त्रास ओपिनेलसारख्या एकाच अखंड लाकडातून कोरलेल्या मुठीच्या चाकूंना होतो. फ्रान्सच्या सावॉय भागातला या 1890 पासूनच्या चाकूची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि खोबण पात्याला आवळते. पक्कड लावून ओढू नका. 1955 नंतरच्या चाकूंना असते ती धातूची कडी फिरवून मोकळी करा, मुठीचं मागचं टोक लाकडी पाटावर हलकेच आपटा. पातं नखाएवढं वर येतं, मग हाताने निघतं. सावॉयमधले लोक वर्षानुवर्षं असाच उघडतात. उघडलेला चाकू आठ दिवस सिलिकाच्या डब्यात ठेवला की मूठ मूळ मापावर येते. मग सांध्यावर पेट्रोलियम जेली ठेवून ड्रायरने कोमट करा, ती वितळून लाकडात मुरते. जवसाचं तेल लावायचं असेल तर लावा, पण तेलाचे बोळे गोळा करून डस्टबिनमध्ये टाकू नका. ते आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, मग टाका.

पितळी अस्तर किंवा रिव्हेट कळकून हिरवे झाले असतील आणि मूठ सेल्युलॉइडची नसेल, तर काळजीचं कारण नाही. दातकोरण्याने हिरवं खरवडून काढा, तेलाने पुसा. चामड्याच्या म्यानात ठेवणं बंद केलं की ते सहसा परत येत नाही.

आता माझ्याकडे चाकूंची दोन कामं कॅलेंडरवर लिहिलेली असतात. मेच्या शेवटच्या रविवारी धुणं, मेण, सिलिका भाजणं. ऑगस्टच्या पंधराला डबा उघडून फक्त पांढरं कापड फिरवायचं. आजोबांच्या चाकूवर नखाच्या खाचेत अजून एक खड्डा आहे, मी पहिल्या वर्षी घासला त्याचा. गेल्या पंधरा ऑगस्टला त्यातून बांबूची काडी फिरवली. टोक पांढरंच होतं. पात्यावर पुन्हा करडी झाक येते आहे, वर्षभर त्याने कैऱ्या चिरल्या त्याची.